खंडानंतर पुन्हा स्टिअरिंग : ट्रकचालकाच्या पुनःप्रवेशाचा अभ्यास

चेन्नई शहराच्या पश्चिमेकडील अण्णा नगर ही आखीव वसाहत १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्याच्या निमित्ताने आकाराला आली. रुंद रस्ते, झाडी आणि निवासी इमारती यांमुळे ती मध्यमवर्गीयांची वस्ती म्हणून ओळखली जाते. मात्र तिच्या लगतच कोयंबेडू येथे भाजीपाला, फळे व फुले यांची घाऊक बाजारपेठ आहे. जुन्या जॉर्ज टाउनमधील कोतवाल चावडीचा व्यापार १९९६ मध्ये सुमारे २९५ एकरांच्या या संकुलात हलविण्यात आला. मध्यरात्रीनंतर येथे ट्रकच्या रांगा लागतात. त्यांत नाशिक जिल्ह्यातील कांदा घेऊन आलेले महाराष्ट्रातील चालकही असतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू आणि चेन्नई यांना जोडणारा, पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून परिचित असलेला व आता क्रमांक ४८ चा भाग असलेला रस्ता याच भागातून शहरात शिरतो. महाराष्ट्राचा कांदा आणि अण्णा नगरातील स्वयंपाकघर यांच्यामधला दुवा म्हणजे ट्रकचालक होय.

हा दुवा किती नाजूक आहे, हे २०२० मध्ये दिसून आले. कोरोना साथीचा मोठा प्रादुर्भाव आढळल्याने मे २०२० मध्ये कोयंबेडूची बाजारपेठ बंद करण्यात आली, भाजीचा व्यापार तात्पुरता तिरुमळिसै येथे नेण्यात आला आणि सप्टेंबर २०२० च्या अखेरीस बाजार टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होऊ लागला. टाळेबंदीच्या त्या काळात मालवाहतुकीची साखळी विस्कळीत झाली. काम थांबल्यावर गावी परतणारा चालक शेतीत, बांधकामावर किंवा पहारेकऱ्याच्या नोकरीत गुंततो आणि कित्येकदा काही वर्षांनी पुन्हा ट्रककडे वळतो. अशा चालकाला आपण नवशिक्या मानावे की अनुभवी, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर चालकाची रोजीरोटी आणि रस्त्यावरील इतरांचे प्राण अवलंबून असतात.

खंड का पडतो?

साथीचा काळ हे एक ठळक उदाहरण झाले. एरवीही या व्यवसायात खंड पडण्याची कारणे अनेक आहेत. अपघातातील दुखापत, डोळ्यांचे विकार, मधुमेह, घरातील आजारपण, मुलांचे शिक्षण, आखाती देशांतील नोकरी, स्वतःचा ट्रक विकावा लागणे, दीर्घकाळ घराबाहेर राहण्याचा कंटाळा अशा कारणांनी चालक हे काम सोडतात. मुले मोठी झाली, कर्ज वाढले किंवा दुसरा रोजगार सुटला की तेच चालक परत येऊ पाहतात.

देशालाही त्यांची गरज आहे. वाहतूक व मालपुरवठा क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०१९ मध्ये नमूद केले होते. परिवहन वाहनाच्या चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट त्याच वर्षी रद्द करण्यात आली. ही टंचाई केवळ आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली जड वाहनांचे चालक मिळेनासे झाले, तेव्हा तेथील शासनाने असा परवाना असलेल्या सुमारे दहा लाख व्यक्तींना पत्रे पाठवून कामावर परतण्याचे आवाहन केले. प्रशिक्षित परंतु व्यवसायाबाहेर गेलेले मनुष्यबळ ही राष्ट्राची ठेव असते, हे त्यातून अधोरेखित झाले. मात्र ही ठेव आहे त्या स्थितीत वापरता येत नाही, तिची डागडुजी करावी लागते.

परवान्यावरील दोन तारखा

परतणाऱ्या चालकाची पहिली गाठ परवान्याशी पडते. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. चालकाच्या परवान्यावर वैधतेच्या दोन वेगवेगळ्या तारखा असतात. एक खासगी म्हणजे बिगरपरिवहन वाहनासाठी आणि दुसरी परिवहन वाहनासाठी. पहिली तारीख अनेक वर्षे पुढची असते, म्हणून परवाना 'चालू' आहे असे समजून चालक निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात ट्रक चालविण्याचा त्याचा अधिकार दुसऱ्या तारखेलाच संपलेला असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षे झाली. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी ती तीन वर्षे असून नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण आवश्यक असते. त्याच दुरुस्तीने नूतनीकरणाचे नियमही बदलले. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांपर्यंत होती. 'चार वर्षांनी गेलो तरी नुसता शिक्का मिळतो' ही जुन्या चालकांची समजूत त्यामुळे आता चुकीची ठरते. साथीच्या काळात १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या कागदपत्रांना वेळोवेळी वाढ मिळत गेली. ती वाढही ऑक्टोबर २०२१ अखेर थांबली.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या चालकाचा परिवहन परवाना २०१३ मध्ये तीन वर्षांसाठी नूतनीकृत झाला, २०१४ मध्ये त्याने ट्रक सोडला आणि आज तो परत येऊ इच्छितो. त्याचा परिवहन अधिकार २०१६ मध्येच संपला आहे. त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र, अर्ज आणि चाचणी या तिन्ही गोष्टी पूर्ण कराव्या लागतील. अण्णा नगर परिसरात राहणाऱ्या चालकास त्यासाठी टीएन ०२ ही संज्ञा असलेल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाशी संपर्क साधावा लागेल. अर्जाची प्रक्रिया 'सारथी' या संकेतस्थळावरून सुरू होते. तोपर्यंत त्याने ट्रक चालविल्यास दंड केवळ त्यालाच होत नाही. वैध परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही कायद्याने दोषी ठरतो आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचा वाद उभा राहतो.

मात्र कायद्याने एक दारही उघडे ठेवले आहे. हलक्या मोटार वाहनाचा वैध परवाना असलेल्या व्यक्तीस ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो कायम केला. धोकादायक मालासारख्या विशेष वाहतुकीला तो लागू नाही. ज्याची पहिली तारीख अद्याप वैध आहे, अशा चालकास छोट्या मालवाहू गाडीवर उत्पन्न व सराव दोन्ही मिळविता येतात.

काय टिकते, काय विसरते?

परवाना मिळाला म्हणजे कौशल्य परत आले असे नव्हे. नूतनीकरण कागदाचे होते, हातांचे आणि नजरेचे होत नाही. कौशल्याचा प्रत्येक भाग सारख्याच गतीने विसरला जात नाही, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

सतत चालणाऱ्या शारीरिक क्रिया दीर्घकाळ टिकतात. स्टिअरिंग धरणे, क्लच आणि गियर यांचा मेळ घालणे या गोष्टी वर्षांनंतरही थोड्याच वेळात हाताला येतात. याउलट, ठराविक क्रमाने करावयाच्या अनेक टप्प्यांच्या कृती लवकर विसरल्या जातात. निघण्यापूर्वी हवेच्या ब्रेकचा दाब तपासणे, टायर, दिवे व चाकांचे नट पाहणे, ताडपत्री व दोर आवळणे, ट्रेलरची जोडणी तपासणे अशा कामांतील एखादा टप्पा गाळला जातो आणि तो गाळला गेला हेही लक्षात येत नाही. तिसरा भाग अंदाजाचा आहे. भरलेली गाडी किती अंतरात थांबेल, वळणावर मागची चाके किती आत येतील, आरशात न दिसणाऱ्या जागेत हातगाडी असेल का, हे अंदाज रोजच्या सरावाने धारदार राहतात. सराव सुटला की ते बोथट होतात.

धोका नेमका येथेच आहे. हात लवकर सरावतात, त्यामुळे आत्मविश्वास पहिल्याच दिवशी परत येतो. अंदाज परत येण्यास मात्र आठवडे लागतात. या दोहोंमधल्या काळात चालक स्वतःला आहे त्यापेक्षा अधिक तयार समजतो. तासाला ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. प्रतिक्रियेला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच आठ मीटर अधिक कापले जातात. शिवाय ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४० ऐवजी ६० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबण्यासाठी दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट अंतर लागते. कोयंबेडूच्या आवारात पहाटे हमाल, हातगाड्या, रिक्षा आणि पाठीमागे सरकणारे ट्रक एकाच वेळी वावरतात, तेथे आठ मीटरचे मोल फार मोठे असते.

जुन्या सवयींबरोबर जुन्या चुकाही परत येतात. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय हे त्याचे उदाहरण. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सर्व भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि घाटात ऐनवेळी निकामी होऊ शकतात. उताराच्या सुरुवातीलाच खालचा गियर टाकणे, हा नियम परतणाऱ्या चालकाने नव्याने गिरवावा लागतो.

बदललेले वाहन, बदललेला रस्ता

दहा वर्षांपूर्वीचा ट्रक आणि आजचा ट्रक यांत मोठे अंतर पडले आहे. चाके घसरू न देणारी एबीएस ब्रेक प्रणाली जड मालवाहनांना २०१५ पासून बंधनकारक झाली. अशा गाडीत ब्रेकचे पायडल पुन्हापुन्हा दाबून सोडण्याची जुनी पद्धत उपयोगाची नाही. ते एकदाच घट्ट दाबून धरावे लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. अशा बहुतेक जड ट्रकमध्ये डिझेलखेरीज युरियायुक्त द्रवाची वेगळी टाकी असते. ती रिकामी झाली की इंजिनाची शक्ती आपोआप घटविली जाते. तक्त्यावरील इशाऱ्याचा दिवा न ओळखणारा चालक भर रस्त्यात अडकून पडतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले. हा बदल मात्र चालकाच्या सुखाचा आहे.

भारही वाढला आहे. जुलै २०१८ मध्ये आसभाराची कमाल मर्यादा वाढविण्यात आली आणि दोन आसांच्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. वाढ सुमारे १४ टक्क्यांची आहे. बाहेरून तसाच दिसणारा ट्रक आता अधिक जड असू शकतो, म्हणून जुन्या अंदाजाने ब्रेक लावणे धोक्याचे ठरते.

कागदपत्रांचे जगही पालटले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके हटले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल आणि फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग आवश्यक झाले. कांद्यासारख्या ताज्या भाजीपाल्याला ई-वे बिल लागत नाही. पण चेन्नईत कांदा उतरवून अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतून यंत्रांचे सुटे भाग भरले आणि मालाची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असली, तर ते लागते. सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने सुमारे १,२०० किलोमीटरच्या पुण्याच्या खेपेला सहा दिवसांची मुदत मिळते. गाडी बिघडून वाटेत माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढविला, तर नवा वाहन क्रमांक त्यात नोंदवावा लागतो. परतणाऱ्या चालकाने ही बाब हुंडेकऱ्याकडून समजावून घेणे हिताचे असते.

शहरही तेच राहिलेले नाही. कोयंबेडूची मेट्रो जून २०१५ मध्ये आणि अण्णा नगरखालील भुयारी मेट्रो मे २०१७ मध्ये सुरू झाली. उड्डाणपूल, एकेरी मार्ग आणि जड वाहनांच्या प्रवेशाच्या ठरावीक वेळा यांमुळे जुना पाठ असलेला रस्ता विसरून नवा पाठ करावा लागतो.

शरीराचा हिशेब

खंडाच्या काळात वय वाढलेले असते. परिवहन वाहनाच्या चालकाला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्यात दिवसा २५ मीटरवरून वाहनाचा क्रमांक वाचता येतो का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा, बहिरेपणा, अपस्मार किंवा भोवळ यांचा त्रास आहे का, याची तपासणी अपेक्षित असते. हे प्रमाणपत्र केवळ उपचार म्हणून मिळविणारा चालक स्वतःचीच फसवणूक करतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, पुढे मोतीबिंदूमुळे समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, मधुमेहाने दृष्टी व पायांची संवेदना यांवर परिणाम होतो. मोठ्या आवाजात घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीने झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

रात्रीचे जागरण हा आणखी एक मुद्दा. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते आणि भाजीचे ट्रक नेमके याच वेळी बाजार गाठण्याच्या घाईत असतात. कामाचे दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे तत्त्व १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने घालून दिले होते. पुढे तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आला. दिवसपाळीच्या नोकरीतून आलेल्या चालकाला पहिल्याच आठवड्यात रात्रीची लांब खेप देणे हे या तत्त्वाच्या विरुद्धच आहे.

पुनःप्रवेशाच्या पायऱ्या

वरील विवेचनावरून एक क्रम सुचतो. पहिल्या टप्प्यात परवान्यावरील दोन्ही तारखा, वैद्यकीय तपासणी आणि आवश्यक असल्यास चाचणीची तयारी पूर्ण करावी. दुसऱ्या टप्प्यात उजळणी प्रशिक्षण घ्यावे. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर व स्वतंत्र चाचणीमार्ग असणे आवश्यक आहे. जड वाहनाचा पूर्ण अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि उजळणीचे वर्गही या केंद्रांना चालविता येतात. तामिळनाडूत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते परिवहन संस्थेचे चालक प्रशिक्षण केंद्र चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडी येथे आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

तिसऱ्या टप्प्यात मोकळ्या मैदानात रिकाम्या ट्रकवर सराव करावा. मागे घेणे, अरुंद जागेत वळविणे आणि ठरलेल्या रेषेवर थांबविणे यांवर भर असावा. निघण्यापूर्वीची तपासणी लेखी यादी हातात घेऊन करावी, स्मरणावर विसंबू नये. चौथ्या टप्प्यात अनुभवी चालकासोबत दिवसाच्या छोट्या भरलेल्या खेपा, पाचव्या टप्प्यात लांब पल्ला आणि शेवटी रात्र, पाऊस व घाट. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा असावा हे खंडाच्या लांबीवर आणि सोबतच्या चालकाच्या मतावर ठरावे. टप्पा गाळणे मात्र टाळावे.

मालक आणि शासन यांची जबाबदारी

हा क्रम एकट्या चालकाला झेपणारा नाही, कारण उजळणीच्या दिवसांत त्याला उत्पन्न नसते. बहुतेक चालकांकडे अनुभवाचे लेखी प्रमाणपत्रही नसते. कामासाठी गेल्यावर 'किती वर्षे चालवली?' एवढेच विचारले जाते, 'शेवटची केव्हा चालवली?' हे क्वचितच. खंड सांगितला तर काम मिळणार नाही या भीतीने चालक तो लपवितो आणि पहिल्याच रात्री भरलेला ट्रक त्याच्या हाती येतो. खंड सांगणाऱ्याला नकार न देता काही दिवस अनुभवी चालकासोबत बसविण्याची पद्धत मालकांनी स्वीकारली, तर हे लपविणे थांबेल. दोन आठवड्यांच्या जोडीचालकाचा खर्च एका अपघाताच्या खर्चापुढे नगण्य असतो. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात होऊन १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि अपघातांची सर्वाधिक संख्या तामिळनाडूत नोंदली गेली, हे येथे विसरून चालणार नाही.

युरोपीय संघात व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांनी ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे सर्वसाधारण मालाच्या चालकाला परवाना पाच वर्षांनी नव्याने मिळतो, प्रशिक्षण मात्र एकदाच. धोकादायक मालासाठी असलेला एक दिवसाच्या उजळणीचा नियम निदान दीर्घ खंडानंतर येणाऱ्या प्रत्येक जड वाहनचालकाला लागू करता येईल. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहेच. तिच्या आधारे अशा चालकांची तपासणी, उजळणी, प्रमाणपत्र आणि त्या दिवसांचा निर्वाहभत्ता यांची एकत्रित व्यवस्था मोठ्या बाजारपेठांजवळ उभी राहिली, तर कोयंबेडू, वाशी वा लासलगाव येथे माल नेणाऱ्या चालकांना तिचा लाभ घेता येईल. दीर्घ खंड हा चालकाचा दोष नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करणे हा व्यवस्थेचा दोष ठरतो. त्याने कमावलेला अनुभव वाया जाऊ नये आणि त्या अनुभवावर आंधळा विश्वासही ठेवला जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी वाट आखणे शक्य आहे.